काव्योपचारक (नियोजित)

१ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ८
नवी रोजनिशी, नवं पेन, नवं आयुष्य. जानेवारीतही असंच ठरवलं होतं, पण जानेवारीत थंडी होती.

सौ. काल धाकट्या बहिणीकडे राहायला गेली. डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्याच्या अखेरीस आहे, हॉस्पिटल मेव्हणीच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ, आणि आमच्या इमारतीची लिफ्ट सारखी बंद. हे सांगण्यासारखं कारण. बॅगेची चेन लावताना मात्र म्हणाली की तिथे निदान माझं वाक्य कोणी पुरं तरी होऊ देतं. वाक्य उत्तम होतं. मी त्यात 'मौन' घालून चार ओळी केल्या आणि जिन्यात म्हणून दाखवल्या. ती तोवर दोन मजले उतरली होती.

परत कधी येणार ते विचारलं, तर बघू म्हणाली. मागणं एकच केलंय. ऑपरेशनच्या वेळी मी बाहेरच्या बाकावर बसायचं. दुसरा डोळा लहानपणापासून अधू आहे, त्यामुळे घाबरलीय. मी म्हटलं, बाकावर काय, दारात उभा राहीन.

संकल्प: ती परत येईल तेव्हा तिला नुसता नवरा नाही, तज्ज्ञ भेटला पाहिजे.

३ फेब्रुवारी, सोमवार
सापडलं! काव्योपचार. माणसांना एकत्र बसवायचं, कविता वाचायची, त्यांना दोन ओळी लिहायला लावायच्या, आणि मनातलं मळभ दूर करायचं. हे तर मी जन्मभर फुकट करत आलोय. विमा कंपनीत क्लेम विभागात होतो तेव्हा हजारो लोकांची दुःखं ऐकली आणि त्यातली बहुतेक नामंजूर केली. एवढा अनुभव कुणाकडे असेल?

शिवाय स्वतःचा कवितासंग्रह आहे. 'मौनाचा मोठा आवाज'. प्रती भरपूर शिल्लक आहेत. खाटेखाली.

वाचनालयातल्या सूचनाफलकावरच्या नंबरावर फोन केला. एक मॅडम बोलल्या. मानसशास्त्रातल्या आहेत, गट चालवतात. म्हणाल्या की प्रमाणपत्र काव्योपचारकांचं मंडळ देतं, आणि त्याआधी प्रत्येकाला स्वतः गटात सहभागी म्हणून बसावं लागतं. मी म्हटलं, निरीक्षक म्हणून बसतो. त्या म्हणाल्या, सहभागी म्हणून. मी म्हटलं, एकच ते. त्यांनी पुढे काहीतरी सांगितलं, पण मला तोवर एक कल्पना सुचली होती.

५ फेब्रुवारी, बुधवार
कल्पना अमलात आणली. व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली. नावाखाली 'काव्योपचारक', तेही सोनेरी अक्षरात.

संध्याकाळी मंडळाची नियमपुस्तिका आली. पहिलाच नियम: प्रमाणपत्र मिळेपर्यंत ही उपाधी लावता येणार नाही. काय हा खडूसपणा. परत छापखान्यात गेलो. छापखानेवाला म्हणाला की कार्डं आता पुसता येणार नाहीत, पण पुढे रबरी शिक्का मारता येईल. सगळ्या कार्डांवर 'नियोजित' असा शिक्का मारत बसलो. निम्म्यांवर उलटा बसला. ती दूरच्या ओळखीच्यांना देईन.

बाकीचे नियम असे. नातेवाइकांवर उपचार करायचे नाहीत. गटात कुणाचं लिखाण सुधारायचं नाही. गटातली गोष्ट गटाबाहेर न्यायची नाही. सल्ला द्यायचा नाही. आणि हा तर कळसच: उपचारकाने स्वतःच्या कविता वापरायच्या नाहीत! म्हणजे हलवायाने दुसऱ्याच्या दुकानातून आणायचं. हा नियम ज्यांच्या कविता बऱ्या नसतात त्यांच्यासाठी असणार.

८ फेब्रुवारी, शनिवार. रात्री
पहिली बैठक. वाचनालयाच्या वरची खोली. गोलात प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्ये एक स्टूल, स्टुलावर टिशू पेपरचा डबा. फळा नाही, माइक नाही. मी माइकचं विचारलं. मॅडम हसल्या.

सगळ्यांनी एकेक करून ओळख करून दिली. माझा नंबर शेवटचा होता, म्हणून मी माझी ओळख मनात घोळवत होतो, त्यामुळे आधीच्यांकडे म्हणावं तसं लक्ष गेलं नाही. तपशील हळूहळू कळतीलच. माझी ओळख उत्तम झाली. जरा लांबली असेल, पण कुणी मध्ये बोललं नाही.

रुग्ण पुढीलप्रमाणे. एक बेकरीवाल्या बाई, मनगटावर भाजल्याचे डाग. एक दातांच्या कवळ्या बनवणारे गृहस्थ, त्यांचा भाऊ नुकताच गेला असं ओझरतं ऐकलं. आणि एक माझ्याच वयाचा माणूस, खाकी जाकीट, मांडीवर फाइल. हा संपूर्ण बैठकीत फक्त 'हं' म्हणाला. बाई बोलल्या, हा हं. कवळीवाले बोलले, हा हं. मी बोललो, तर नुसता बघत राहिला आणि फाइलमध्ये काहीतरी खरडलं. केस अवघड आहे. मी त्याचं नाव 'हुंकार' ठेवलं. मॅडम त्याला आधी खुर्ची देतात, आधी पाणी देतात. बिचाऱ्याची अवस्था त्यांच्याही लक्षात आलेली दिसते.

९ फेब्रुवारी, रविवार
सौ.ला फोन करून सगळी हकीकत सांगितली. तिनेही काहीतरी सांगितलं. डॉक्टर, रक्ताची तपासणी, साखर. मी म्हटलं, वा. ती म्हणाली की साखर वाढलीय, त्यात वा कसलं. उपचारकाने सतत सकारात्मक राहावं लागतं, हे तिला कसं समजावणार.

ऑपरेशन २७ मार्चला, गुरुवारी. हे मात्र कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलं. कोण म्हणतं मी ऐकत नाही?

१५ फेब्रुवारी, शनिवार
मॅडमनी एक छोटी कविता वाचली, पोस्टकार्डावर मावेल एवढी. मग म्हणाल्या की यातली कुठली ओळ टोचली ते सांगा. मी म्हटलं, टोचली काहीच नाही, पण यावरून माझी एक आठवते. आणि नियमाची आठवण व्हायच्या आत म्हणून टाकली. नियम 'वापरायच्या नाहीत' असं म्हणतो. मी वापरली नाही, आठवली.

कवळीवाले म्हणाले की यात यमक आमच्या कवळीसारखं घट्ट बसलंय. मोठी दाद. घरी येऊन विचार केला तर दादच होती असं वाटतं.

हुंकारने घड्याळात पाहिलं. नोंद केली: रुग्णाला काळाविषयी भीती.

२२ फेब्रुवारी, शनिवार
आज जरा गडबड झाली, पण त्यात माझा दोष नव्हता.

सगळ्यांना दोन-तीन ओळी लिहायला सांगितल्या होत्या. बेकरीवाल्या बाईंनी कागद माझ्याकडे सरकवला, मी वाचून दाखवीन का म्हणून, कारण त्यांना लाज वाटत होती. भट्टी, पहाट, हात भाजणं वगैरे. भावना ठीक, पण कच्चा माल. मी वाचता वाचताच सुधारला. 'हात'ऐवजी 'करपल्लव' केलं, शेवटी 'वल्लभ' आणून जुळवलं. माणसाला रेडीमेड कपडा देतानासुद्धा आपण बाह्या आखूड करून देतो.

बाईंनी कागद परत घेतला, घडी केली, आणखी एक घडी केली, आणि पर्समध्ये ठेवला. भारावल्या असाव्यात.

मॅडमनी नंतर थांबवून घेतलं. म्हणाल्या की या खोलीत कुणी कुणाचं वाक्य दुरुस्त करत नाही. मी म्हटलं, म्हणूनच मी वाक्याला हात लावला नाही, ओळ सुधारली. त्या म्हणाल्या की तुम्ही स्वतः अजून काहीच लिहिलं नाहीत, तुमच्या घरी कसं आहे, ठीक आहे ना सगळं. मी म्हटलं, उत्तम, सौ. बहिणीकडे असते. त्या म्हणाल्या, हं.

हा 'हं' संसर्गजन्य दिसतो.

१ मार्च, शनिवार
मंडळाला प्रमाणपत्राच्या अर्जासोबत केस स्टडी लागते. बाई भारावलेल्या, कवळीवाले चेष्टेखोर. राहिला हुंकार. नियमाप्रमाणे रुग्णाची परवानगी हवी. बैठकीनंतर जिन्यात गाठलं. म्हटलं, तुमच्यावर थोडं काम करायचं म्हणतोय, चालेल ना? तो म्हणाला, हं. संमती मिळाली.

बसस्टॉपवर लगेच उपचार सुरू केले. 'मौनाचा मोठा आवाज'मधल्या पहिल्या सात कविता, सलग, हावभावांसह. हा बैठकीबाहेरचा उपचार, त्यामुळे नियम मोडला असं म्हणता येणार नाही. पाचव्या कवितेला त्याने डोळे मिटले. परिणाम! सातवीला तो घाईघाईने एका बसमध्ये चढला, आणि ती बस उलट दिशेला जाणारी होती. नोंद केली: गोंधळलेली मनःस्थिती, दिशांचं भान नाही.

संग्रहाची एक प्रत त्याच्या जाकिटाच्या खिशात घालायला जमलं.

२ मार्च, रविवार
सौ.चा फोन. म्हणाली की रात्री उजेडाभोवती कडी दिसतात, आणि ऑपरेशन बिघडलं तर काय, असा विचार करून झोप लागत नाही. मी तिला हुंकारच्या केसबद्दल सांगितलं. लोकांची दुःखं किती मोठी असतात हे कळलं की आपलं लहान वाटतं. ती म्हणाली, ठेवते.

८ मार्च, शनिवार
बेकरीवाल्या बाई आल्या, पण कोरा कागद घेऊन बसल्या. मी सल्ला दिला की आधी वृत्त ठरवा. मॅडम म्हणाल्या, सल्ला नको. मग मी मार्गदर्शन केलं.

हुंकार आज माझ्यापासून सगळ्यात लांबच्या खुर्चीवर बसला. रुग्ण बरा होऊ लागला की उपचारकापासून दूर जातो, असं कुठेतरी वाचलंय. कुठे ते आठवत नाही, पण वाचलंय.

१२ मार्च, बुधवार
केस स्टडी टाइप करून मंडळाला पाठवली. शीर्षक: 'हुंकार: एका अबोल माणसाचा पुनर्जन्म'. सोळा पानं. नाव गुप्त ठेवलंय, फक्त खाकी जाकीट, फाइल आणि डाव्या भुवईवरची खूण एवढंच वर्णन दिलंय. निदान असं: रुग्णाला समोरच्याशी नातं जोडता येत नाही, त्याला ऐकायचं नसतं, तो स्वतःच्याच विश्वात असतो, आणि समोरचा बोलत असताना स्वतःची पुढची चाल ठरवतो. लिहिताना अगदी आतून येत होतं. इतकं सहज मी कधीच लिहिलं नव्हतं.

१५ मार्च, शनिवार
घात झाला. घसा बसला. बसस्टॉपवरच्या उपचारांचा ताण. गळ्याला मफलर गुंडाळून गेलो, तोंडातून चकार शब्द निघेना.

आणि आज काय झालं कोण जाणे. कवळीवाले भावाबद्दल बोलले. भावाची कवळी त्यांनीच बनवली होती आणि ती अजून कपाटात पाण्याच्या पेल्यात आहे, पाणी रोज बदलतात. कुणी हसलं नाही. बेकरीवाल्या बाईंनी पर्समधून तो जुना घड्या घातलेला कागद काढला आणि स्वतः वाचला, त्यांच्या मूळच्या शब्दांत. वाचून झाल्यावर खूप रडल्या. टिशूचा डबा पहिल्यांदाच मध्यातून हलला. मला बोलता येत नव्हतं म्हणून तो मी सरकवला.

जाताना मॅडम म्हणाल्या की आजची बैठक आत्तापर्यंतची सगळ्यात चांगली झाली. बाईंनी माझा हात धरला आणि थँक्यू म्हणाल्या. हे मफलरमुळे असावं. मफलरमध्ये माणूस विश्वासू दिसतो. कायम वापरायचं ठरवलं.

१९ मार्च, बुधवार
मंडळाचं बोलावणं. मुलाखत सोमवारी, २४ तारखेला, सकाळी साडेदहा. केस स्टडी 'विशेष लक्षपूर्वक' वाचली आहे असं लिहिलंय. विशेष लक्षपूर्वक! गुरुवारी ऑपरेशन, सोमवारी मुलाखत. म्हणजे सौ. डोळ्यावरची पट्टी काढेल तेव्हा पहिलं काय पाहील, तर प्रमाणपत्र. फ्रेमवाल्याला मापं देऊन आलो.

२० मार्च, गुरुवार
घसा सुटला. मुलाखतीच्या उत्तरांची तालीम सुरू होती तेवढ्यात सौ.चा फोन. स्पीकरवर टाकला आणि तिलाच परीक्षक समजून उत्तरं म्हणून दाखवली. 'काव्योपचारकाचा सगळ्यात मोठा गुण कोणता' या प्रश्नाचं उत्तर पाठ करून ठेवलंय: श्रवण. त्यावर पाच मिनिटं न थांबता बोलता येतं.

मध्ये ती काहीतरी सांगत होती. डॉक्टरांना परगावी जायचंय, म्हणून काहीतरी पुढे-मागे झालंय म्हणे. मी म्हटलं, हो हो, चालेल. ती म्हणाली, नक्की याल ना? मी म्हटलं, म्हणजे काय, दारात उभा राहीन. ती म्हणाली, परत एकदा सांगू का? मी म्हटलं, नको, पुढचा प्रश्न ऐक.

२३ मार्च, रविवार
सूट इस्त्री. मफलर इस्त्री. बूट पॉलिश. दुपारी मेव्हणीचा मेसेज आला: उद्या लवकर या. मेव्हणीला माझ्या मुलाखतीचं इतकं कौतुक असेल असं वाटलं नव्हतं. आभार मानून अंगठा पाठवला.

२४ मार्च, सोमवार. सकाळी ७
आज! मुलाखतीच्या सूचनांत लिहिलंय की फोन बंद ठेवावा. हा नियम मला मनापासून पटतो. आत्ताच बंद करून टाकला.

२४ मार्च, सोमवार. दुपारी, बागेतल्या बाकावर
काय लिहू.

लांब टेबल होतं. डावीकडे एक बाई, उजवीकडे एक गृहस्थ, मॅडम बाजूला खिडकीपाशी. मधल्या खुर्चीवर खाकी जाकीट.

मला आधी वाटलं, रुग्णालाही बोलावलंय, साक्षीला. मी आपुलकीने विचारलं, आता कसं वाटतंय? डावीकडच्या बाईंनी तोंडाला रुमाल लावला. मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. मग उजवीकडच्या गृहस्थांनी ओळख करून दिली. हे मंडळाचे परीक्षक. प्रत्येक गटात बसतात. पहिल्या बैठकीत त्यांनी स्वतःची ओळख, काम, फाइल कशासाठी, सगळं सांगितलं होतं म्हणे. म्हणजे मी माझी ओळख घोळवत होतो तेव्हा.

समोर माझी सोळा पानं. परीक्षक सर, म्हणजे तेच, बोलायला लागले. पहिल्यांदाच. आवाज चांगला आहे त्यांचा. म्हणाले की टायपिंग सुरेख आहे. सातव्या पानावर लिहिलंय की रुग्ण मला कंटाळलेला दिसतो, ते निदान अचूक आहे. बाकीची लक्षणंही बारकाईने टिपलीत, फक्त ती समोरच्या खुर्चीवरच्या माणसाची नाहीत. त्या बसने ते थेट डेपोत पोचले होते, हेही सांगितलं. संग्रह परत केला.

मग एकच प्रश्न विचारला. बेकरीवाल्या बाईंनी काय लिहिलं होतं ते सांगा. मी म्हटलं, वा, आणि करपल्लव आणि वल्लभ म्हणून दाखवलं. ते म्हणाले, हे तुमचं. त्यांचं काय होतं? त्यांनी पंधरा तारखेला पुन्हा वाचलं, तुम्ही तिथेच होता. मी आठवायला लागलो. भट्टी आठवली. पुढे काही केल्या आठवेना. मधली शांतता भरून काढावी म्हणून श्रवणावरचं उत्तर सुरू केलं, तर त्यांनी हात वर केला.

निर्णय: नापास नाही, पण पासही नाही. जूनपासून नव्या गटात सहभागी म्हणून पुन्हा पहिल्यापासून. तोवर कार्डं वाटायची नाहीत. मी विचारलं की शिक्का मारलेली चालतील का. मॅडम म्हणाल्या, तीही नाही.

एक जमेची बाजू मात्र त्यांनी काढली. पंधरा तारखेची बैठक. त्या दिवशीच्या माझ्या कामाबद्दल फाइलमध्ये एक ओळ चांगली आहे. मी म्हटलं, तो मफलर होता.

आता फोन सुरू करतो. सौ.ला सांगायला तयारी करायला हवी. सुदैवाने गुरुवारपर्यंत वेळ आहे.

२४ मार्च. त्यानंतर लगेच
मेव्हणीचे नऊ मिस्ड कॉल. शेवटी एक मेसेज: ऑपरेशन झालं. ताई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती.

ऑपरेशन आज होतं. डॉक्टर परगावी जाणार म्हणून गुरुवारचं सोमवारी आणलं होतं. तिने मला सांगितलं होतं. परत सांगू का म्हणूनही विचारलं होतं.

२५ मार्च, मंगळवार. मेव्हणीकडे
काल संध्याकाळी इथे पोचलो. मेव्हणीने दार उघडलं आणि बाजूला झाली. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

सौ. आतल्या खोलीत पडली होती, डोळ्यावर हिरवी पट्टी. बसमध्ये मी माफीचं सगळं पाठ करून आलो होतो. त्यात दोन उपमाही होत्या. स्टूल ओढून बसलो आणि तोंड उघडणार, तेवढ्यात तीच बोलायला लागली. चाहूल ओळखली असावी.

म्हणाली की आत नेण्याआधी नर्सने विचारलं, बाहेर कोण आहे? हिने सांगितलं, येतील. नर्स बाहेर बघून आली, पुन्हा विचारलं. ही पुन्हा म्हणाली, येतील. मग नर्स म्हणाली की बाहेर तुमची बहीण आहे, चालेल का? ही म्हणाली, चालेल. आणि मग म्हणे, डोळ्यात औषध घालताना हात धरायला कुणी नव्हतं, म्हणून तिने गादीची चादरच धरून ठेवली.

मला बेकरीवाल्या बाईंची ती ओळ आठवली. जशीच्या तशी. सकाळी भट्टी मीच पेटवते, कोणीच विचारत नाही हात भाजला का. इतकीच होती. करपल्लव वगैरे कुठे नव्हतं त्यात.

मला फार वाईट वाटलं. हे साधंच लिहितो, कारण दुसरं काही सुचत नाही. उपमा सगळ्या पळाल्या. तोंडातून निघालं ते एवढंच: हं.

ती बोलत राहिली. ऑपरेशनच्या खोलीतला तो पांढरा उजेड. रक्तातली साखर. फेब्रुवारीत दोनदा जिन्यात पाय चुकला ते. मी रिटायर झाल्यापासून घरात सकाळपासून कविता, मग तिने भाजी निवडायला गॅलरीत बसायला सुरुवात केली ते. मागच्या वर्षी तिला शिवणाचा क्लास लावायचा होता आणि ती मला तीनदा सांगायला आली होती ते. मी हं म्हणत होतो. मध्ये सात-आठ वेळा बोलावंसं वाटलं. एकदा तर शिवणावर ओळही सुचली. गिळली.

बऱ्याच वेळाने ती थांबली. विचारलं की घसा पुन्हा बसलाय का. मी नाही म्हटलं. मग म्हणाली की मग मी काय काय बोलले ते सांगा पाहू.

एकाच दिवसातली दुसरी मुलाखत. पण हिची तयारी केलेली नव्हती. नर्स, चादर, उजेड, साखर, जिना, गॅलरी, शिवण, सगळं सांगितलं, क्रमाने. ती पट्टीआडून ऐकत होती. शेवटी म्हणाली की एक राहिलं. मी खूप आठवलं. नाही आठवलं. म्हणाली की तुम्ही बसलात तेव्हा पहिल्यांदा मी पाणी मागितलं होतं.

उठलो. पाणी आणलं. हात धरून पेला दिला.

३० मार्च, रविवार. मेव्हणीचा हॉल
पट्टी निघाली. दिसतंय. पहिलं काय दिसलं विचारलं, तर म्हणाली, तुमचा मफलर, किती मळलाय.

मी इथेच आहे. हॉलमध्ये गादी. कामं: दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब, दोन बाटल्या, दोन्हींमध्ये दहा मिनिटांचं अंतर. मेव्हणीने अट घातलीय की घरात कविता ऐकू आली तर गादी जिन्यात जाईल. सौ. घरी कधी परत येणार हे अजून ठरलेलं नाही. विचारलं तर बघू म्हणते. पण या वेळी 'बघू' म्हणताना माझ्याकडे बघत होती. डॉक्टरांनी जास्त बोलायला लावू नका असं सांगितलेलं नाही, तेव्हा दुपारी ती बोलते आणि मी हं म्हणतो. काल मध्येच म्हणाली की नुसतं हं हं काय करताय, माणसासारखं बोला की. म्हणजे हेही जरा जास्तच होत होतं. शिकायचं बरंच आहे.

मॅडमचा फोन आला होता. जूनच्या गटात नाव घालू का म्हणाल्या, सहभागी म्हणून. मी विचारलं की तिथे हुंकार, म्हणजे परीक्षक सर, असतील का. असतील म्हणाल्या. त्यांनी माझा संग्रह परत केला खरा, पण त्यातलं एक पान दुमडलेलं होतं असंही म्हणाल्या. कुठलं ते बघायला हवं. घरी गेलो की बघतो. कदाचित सहावी कविता. सहावी खरोखरच वेगळी आहे, तिच्यात मी शब्दांचा असा काही

थेंबांसाठी हाक आली. एवढं वाक्य पुरं करून

नको. जातो.